सौंदत्तीच्या डोंगराला जाताना: जोगुळभावीपासून पडलीपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात नुसतं "डोंगराला जायचंय" म्हटलं तरी पुरतं. डोंगर म्हणजे सौंदत्तीचा, रेणुका-यल्लम्माचा. घरात लग्न झालं, मूल झालं, आजारातून माणूस उठला किंवा नुसता नेम चुकवायचा नाही म्हणून, वर्षातून एकदा घरची पंचवीस-तीस माणसं एकत्र निघतात. आणि दरवर्षी बहुतेकांचं बिनसतं ते एकाच जागी. सगळं नियोजन दर्शनाच्या रांगेभोवती केलेलं असतं, पडलीचा, म्हणजे देवीच्या परडीपुढं मांडायच्या नैवेद्याचा आणि जोगतिणींच्या जेवणाचा, विचार "तिथं गेल्यावर बघू" म्हणून सोडलेला असतो. मग दुपारी दोनला दर्शन घेऊन माणसं बाहेर येतात तेव्हा चूल पेटलेली नसते, जोगतीण ठरलेली नसते, लहान पोरं भुकेनं कळवळलेली असतात. या यात्रेत सगळ्यात जास्त वेळ, सामान आणि माणसं लागतात ती पडलीला. म्हणून दिवसाचं गणित पडलीपासून उलटं मांडावं.

कधी जावं

चार पौर्णिमा मोठ्या: मार्गशीर्ष, पौष, माघ आणि चैत्र. कानडीत त्यांना अनुक्रमे होस्तिल, बनद, भरत आणि दवनद हुण्णिमे म्हणतात. बस स्टँडवरच्या आणि डोंगरावरच्या कानडी फलकांवर हीच नावं दिसतात, तेव्हा ती लक्षात असलेली बरी. मार्गशीर्ष पौर्णिमेला देवीचं कंकण आणि मंगळसूत्र उतरवण्याचा विधी होतो. सहस्रार्जुनानं जमदग्नींना मारलं, त्या वैधव्याची ती आठवण. आपल्याकडे तिला रांडाव पुनव म्हणतात. कोल्हापूरकडच्या गाड्यांची सर्वाधिक गर्दी याच वेळी असते. बेळगाव-खानापूरकडची गावं भाताची सुगी उरकून पौष-माघात निघतात.

घरचा नेम एखाद्या ठरावीक पुनवेचा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पौर्णिमेचा दिवस टाळावा. पुनवेच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार किंवा शुक्रवारही गर्दीचाच, पण ती गर्दी सोसणारी. ऐन पुनवेला पायथ्याच्या जोगुळभावी कुंडापासून वरपर्यंत रस्ता तुंबतो, गाडी तासन् तास हलत नाही. सोबत म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असतील तर साधा बुधवार-गुरुवार पकडावा. देवीला वाराचं वावडं नाही, वावडं असतं ते आपल्या सुट्ट्यांचं.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. मार्गशीर्ष-पौषात डोंगराच्या उघड्या पठारावर रात्री वारा झोंबतो आणि राहुटीत एका चादरीवर भागत नाही. माघात रात्र गार असली तरी दुपारी दगड तापतात, आणि अनवाणी रांगेत उभं राहणाऱ्याला ते चांगलंच कळतं. मुलांना मोजे घालावेत.

जायचं कसं

बेळगावहून सौंदत्ती साधारण 75 ते 80 किलोमीटर, पुढं डोंगर आणखी पाचेक किलोमीटर. वाटा दोन: हिरेबागेवाडी-बैलहोंगल मार्गे, किंवा नेसरगी-यरगट्टी-मुनवळ्ळी मार्गे. निपाणी-चिकोडीकडच्यांनी बेळगावात यायचं कारण नाही. संकेश्वर-गोकाक-यरगट्टी ही वाट सरळ पडते. खानापूर-लोंढा भागातल्यांना रेल्वे सोयीची. अळणावरवरून धारवाडला उतरावं, तिथून सौंदत्ती 40 किलोमीटरच्या आत आहे आणि बस भरपूर. धारवाड-हुबळीकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या उगरगोळच्या बाजूनं डोंगर चढतात. त्या वाटेनं गेलात तर जोगुळभावी आधी लागत नाही, हे ध्यानात ठेवून गाडीवाल्याला आधीच सांगावं.

बसच्या तिकिटाचा घोळ सीमाभागातल्या प्रत्येक मोठ्या कुटुंबात होतो. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत महिलांना साध्या आणि एक्स्प्रेस बसचा प्रवास मोफत आहे, पण तो कर्नाटकच्या रहिवासी महिलांना. आधार कार्डावर कर्नाटकातला पत्ता हवा. म्हणजे यळ्ळूरची सून फुकट जाते आणि तिच्या शेजारी बसलेली चंदगडची नणंद तिकीट काढते. कंडक्टरशी वाद घालून उपयोग नाही, नियमच तसा आहे. मोफत असलं तरी शून्य रकमेचं तिकीट हातात घ्यायचंच. तपासनीस आला तर तेच दाखवावं लागतं. महाराष्ट्राच्या एस.टी.तली महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. करारावर बस घेतली तर यातलं काहीच धरायचं नाही, डोईपट्टी सगळ्यांची सारखी.

मालवाहू टेम्पोत माणसं भरून जाण्याची खोड अजून गेलेली नाही. ते बेकायदा आहेच, शिवाय अपघात झाला तर विम्याची रक्कम मिळताना हात वर होतात. सामानाला टेम्पो, माणसांना बस किंवा ट्रॅक्स, असं वेगळं करावं. खर्च थोडा वाढतो, पण पडलीचं सामान आधी पोचतं, हा मोठा फायदा.

बैलगाडीनं जाणारे आता कमी झाले, तरी काही गावांनी नेम सोडलेला नाही. त्यांच्यासाठी एवढंच: दिवसाला 25 ते 30 किलोमीटरच्या वर बैल हाकू नयेत, म्हणजे बेळगावच्या आसपासच्या गावांना तीन मुक्काम धरावे लागतात. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी बैलांच्या खुरांना पत्री (नाल) मारून घ्यावी, आदल्या दिवशी नव्हे. नवी पत्री टोचत असेल तर ती घरीच कळली पाहिजे. एका बैलाला दिवसाला सहा-आठ किलो कडबा, वर पेंड आणि 30-40 लिटर पाणी धरावं. वाटेत ऊस मिळतो म्हणून नुसत्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर, बैल ठेवले तर त्यांचं पोट बिघडतं. गाडीच्या मागं लाल रिफ्लेक्टर लावावा आणि अंधार पडल्यावर हमरस्त्यावर गाडी आणू नये. लम्पीची साथ असेल तर जनावरांच्या वाहतुकीवर बंदी येते, म्हणून गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून लस टोचून घ्यावी.

आधी जोगुळभावी

डोंगरावर थेट गाडी नेऊन दर्शन घेणारे वाढलेत. जुन्या रिवाजात पहिली पायरी जोगुळभावीची. सौंदत्ती गावातून डोंगराकडं जाताना पायथ्याशी हे कुंड आणि सत्यव्वाचं देऊळ लागतं. इथं स्नान, सत्यव्वाचं दर्शन, मग वर.

हा क्रम कथेतून आलाय. रेणुका रोज मलप्रभेच्या वाळूचा घडा करून, नागाची चुंबळ करून पाणी आणायची. एके दिवशी जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वाकडं तिचं लक्ष गेलं, घडा जमेना. जमदग्नींच्या शापानं तिच्या अंगाला व्याधी जडली. रानात भटकताना तिला एकय्या आणि जोगय्या हे दोन सिद्ध भेटले. त्यांच्या सांगण्यावरून तिनं इथल्या पाण्यात स्नान केलं आणि ती बरी झाली. पुढं पित्याच्या आज्ञेवरून परशुरामानं तिचं शिर उडवलं आणि वर मागून तिला परत उठवलं, ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तर देवी जिथं शुद्ध झाली तिथं भक्तानं आधी जायचं, असा हा हिशेब. मलप्रभेचा उगम आपल्याच खानापूर तालुक्यात, कणकुंबीला, माउलीच्या देवळाजवळ होतो. डोंगराच्या कुशीत नविलुतीर्थाला तिच्यावर धरण आहे.

व्यवहाराचं पाहायचं तर जोगुळभावीला पहाटे पोचणं सगळ्यात बरं. उजाडल्यावर कपडे बदलायला आडोसा मिळत नाही. प्रत्येकाच्या ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी ठेवण्यापेक्षा घराची एक प्लास्टिकची बादली-टब घ्यावा, सगळं त्यात. पायऱ्यांवर तेल, भंडारा आणि शेवाळ मिळून निसरडं झालेलं असतं, म्हाताऱ्यांना दोघांनी धरून उतरवावं. त्यांना बुडी मारायला लावण्याचा हट्ट धरू नये. तांब्यानं डोक्यावर पाणी घेतलं तरी स्नानच. अंगावरचे जुने कपडे पाण्यात सोडून येण्याची सवय मात्र मोडायला हवी. कुंड त्यानंच तुंबतं आणि मागून येणाऱ्यांच्या पायात साड्या गुरफटतात. कुंडातलं पाणी तीर्थ म्हणून मुलांना पाजू नये, डोळ्याला लावावं. यात्रेहून परतल्यावर होणाऱ्या हगवणीचं निम्मं कारण इथं असतं.

वर गेल्यावर

वर पोचलात की पहिल्या अर्ध्या तासात घराचे दोन गट करा. सात-आठ जणांचा एक गट सामानाच्या टेम्पोजवळ जाऊन जागा धरतो आणि चूल मांडतो. बाकीचे रांगेला लागतात. स्वयंपाकाच्या गटातल्यांचं दर्शन पडली झाल्यावर, उन्हं कलली की करावं. तेव्हा रांगही उतरलेली असते.

भेटायची जागा आधी ठरवून ठेवावी. पुनवेला मोबाइलचं नेटवर्क जाम होतं, त्यामुळं "फोन करतो" या भरवशावर राहू नये. "एण्णे होंड्याच्या पायऱ्यांच्या डोक्याला" अशी नेमकी खूण सांगावी; "देवळाच्या दारात" म्हटलं की हजार माणसं तिथंच उभी असतात. लहान मुलांच्या खिशात गावाचं नाव आणि दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी, आणि ती कानडी-मराठी दोन्हींत असावी, कारण सापडलेलं मूल पोलीस चौकीत जातं आणि तिथं कानडीच वाचतात.

एण्णे होंडा म्हणजे तेलाचं कुंड. इथं पुन्हा पाय धुऊन, अंगावर पाणी घेऊन मग देवळात जायचं. आवारात परशुराम, जमदग्नी, मातंगी यांची ठाणी आहेत. घाईत लोक गाभाऱ्यातून थेट बाहेर पडतात. परशुरामाचं दर्शन घेतल्याशिवाय डोंगर पुरा होत नाही असं जुनी माणसं म्हणतात, तेव्हा वाट थोडी वाकडी करावी. आताचं देऊळ रायबागच्या बोम्मप्पा नायकानं 1514 मध्ये बांधल्याचं सांगितलं जातं, तरी ठाणं त्याहून जुनं. पायथ्याची सौंदत्ती म्हणजे जुनं सुगंधवर्ती, रट्ट राजांची राजधानी. पुढं ती राजधानी वेणुग्रामला, आपल्या बेळगावला आली.

रांगेत लागणाऱ्यांनी हातात कमीत कमी ठेवावं: ओटीचं ताट नको, कापडी पिशवीत खण, नारळ, हळद-कुंकू, विडा आणि थोडा भंडारा. ताट गर्दीत उलटतं. पाण्याची बाटली माणशी एक. मधुमेहाच्या माणसाजवळ खारीक किंवा गुळाचा खडा हवाच, रांग किती तास लागेल याचा नेम नाही. 2024 मध्ये या क्षेत्राच्या विकासासाठी केंद्राकडून सुमारे 100 कोटी रुपये मंजूर झाले. कामं चालू असली की पार्किंगच्या आणि रांगेच्या जागा बदलत राहतात, म्हणून गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये. गाडी कुठं लावली त्या जागेचा फोटो काढून ठेवावा.

भंडाऱ्याबद्दल दोन शब्द. "उदे गं आई उदे" म्हणत उधळलेला भंडारा अंगावर पडणं हे भाग्यच, पण डोंगरावर पिवळ्या रंगाचं मक्याचं पीठही भंडारा म्हणून विकलं जातं. ते डोळ्यांत गेलं की दिवसभर चुरचुरतं. घरची गिरणीतून दळून आणलेली हळद न्यावी. विकत घ्यायचीच असेल तर चिमूटभर हळद ओल्या चुन्यात तळहातावर घासून बघावी. अस्सल हळद लालभडक होते, कुंकू असंच तर बनतं. नुसतं रंगवलेलं पीठ पिवळंच राहतं. अर्धवट भेसळ यात कळत नाही, पण निव्वळ नकली माल लगेच उघडा पडतो. आणि भंडारा वर हवेत उधळावा, समोरच्याच्या तोंडावर मारू नये.

पडली

वेताच्या किंवा बांबूच्या परडीत देवीचा मुखवटा किंवा टाक, कवड्यांची माळ आणि भंडारा असतो. तिच्यासमोर सगळ्या पदार्थांचा नैवेद्य मांडायचा, परडीत घालायचा, जोगतिणींना वाढायचं आणि मग घरानं जेवायचं. पाच पडल्या, सात की नऊ, ते घराच्या रिवाजावर. हे निघण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारून कागदावर लिहून घ्यावं. डोंगरावर ऐनवेळी दोन जावांत यावरून होणारा वाद हा जवळजवळ यात्रेचाच भाग झालाय.

गावातली जोगतीण सोबत येत असेल तर तिच्या जागेचा आणि जेवणाचा हिशेब आधी धरावा. नसेल तर डोंगरावर चौंडकं हे तंतुवाद्य घेऊन बसलेल्या जोगतिणी, जोगते भेटतात. सकाळीच एखादीला "आक्का, दुपारी एकला आमच्याकडं या" असं सांगून जागा दाखवून ठेवावी. दक्षिणा आणि शिधा तेव्हाच ठरवावा. पुनवेला दुपारी त्या एका पडलीवरून दुसऱ्या पडलीवर पळत असतात, आयत्या वेळी बोलावली तर दोन तास वाट बघावी लागते.

पंचवीस माणसांच्या पडलीचा शिधा साधारण असा बसतो:

- पुरण: हरभरा डाळ दीड किलो, गूळ दीड किलो. मध्यम आकाराच्या साठेक पोळ्या होतात. माणशी दोन, उरलेल्या नैवेद्याला आणि जोगतिणींना.
- पोळीला कणीक दीड किलो, तेल एकूण दोन लिटर.
- ज्वारीचं पीठ भाकरीला दोन किलो (बावीस ते पंचवीस भाकऱ्या), आंबिलीला वेगळं अर्धा किलो.
- तांदूळ अडीच किलो, दही दोन लिटर, ताक तीन लिटर.
- वांगी अडीच किलो, मेथीच्या आठ-दहा जुड्या, कांद्याची पात पाच जुड्या, गाजर एक किलो.
- घुगऱ्यांना हरभरे किंवा वरणे एक किलो.
- नारळ सात, लिंबं, खारीक, खोबरं, विड्याची पानं, सुपाऱ्या, केळी दोन डझन.
- पत्रावळ्या चाळीस. पंचवीस माणसांना पंचवीस पुरतील असं कधीच होत नाही.

आता बिघडतं कुठं ते. पहिलं पुरण. घरी आदल्या रात्री शिजवून, वाटून, गरमच डब्यात दाबून भरलं तर सकाळपर्यंत आंबतं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुटलेलं पाणी परत पुरणात उतरतं. पुरण परातीत पसरून पूर्ण गार करावं, मग कोरड्या स्टीलच्या डब्यात भरावं. मुक्काम असेल तर पुरण नेण्याऐवजी डाळ-गूळ तसाच नेऊन वर शिजवावं. पठारावरच्या वाऱ्यात पोळी लाटणं मात्र कठीण. पिठी उडते, तव्याची आच एका बाजूला जाते आणि पोळी एकीकडं कच्ची, एकीकडं करपलेली होते. तीन बाजूंनी पत्रा किंवा ओलं गोणपाट उभं केलं तर जमतं. ते नको असेल तर सरळ कडबू (पुरण भरलेल्या करंज्या) करावेत. तळलेले कडबू दीड-दोन दिवस टिकतात, आणि नैवेद्याला तेही चालतात.

आंबील सोपी वाटते, बिघडतेही तितक्याच सहज. आदल्या रात्री अर्धा किलो ज्वारीचं पीठ अर्धा लिटर ताक आणि एक लिटर पाण्यात गुठळ्या मोडून कालवून ठेवावं. थंडी जास्त असेल तर भांडं घोंगडीत गुंडाळावं, नाहीतर सकाळी आंबलेलंच नसतं. सकाळी तीन लिटर पाण्याला मीठ घालून उकळी आणावी, भिजवलेलं पीठ बारीक धारेनं सोडत दुसऱ्या हातानं सतत हलवावं. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजलं की पीठाचा कच्चा वास जातो. आता ते पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम असतानाच उरलेलं अडीच लिटर ताक ओतलं की ताक फुटतं आणि आंबील दाणेदार होते. निम्म्या आंबिली याच घाईनं वाया जातात. गार झाल्यावर ताक, ठेचलेला लसूण-जिरं आणि चिरलेली कांद्याची पात घालावी. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबील कळकते आणि ती कळकलेली आंबील खाऊन उलट्या होतात, त्यामुळं "आजीचं पातेलं आहे" म्हणून हट्ट करायचा असेल तर आधी कल्हई करून घ्यावी.

वांगी जागेवरच भाजावीत, पण चूल राहुटीपासून दहा-बारा पावलं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडावी. गॅसची छोटी टाकी राहुटीच्या आत पेटवू नये. स्वयंपाकाला आणि प्यायला पाणी घरून न्यावं, माणशी पाच लिटर, म्हणजे वीस लिटरचे सहा-सात कॅन. वर टँकरचं पाणी घ्यावं लागलं तर उकळावं किंवा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावं.

मांडणी अशी. जागा झाडून पाणी शिंपडावं, घोंगडी किंवा स्वच्छ चादर अंथरावी. मधे परडी, तिच्याभोवती ठरल्या संख्येची पानं. प्रत्येक पानावर सगळे पदार्थ थोडे थोडे: भाकरीवर वांग्याची भाजी, मेथी, घुगऱ्या, भात, दही, पोळी किंवा कडबू, बाजूला कच्ची कांद्याची पात आणि गाजर. आंबील वाटीत किंवा द्रोणात. पानांपुढं विडा, खारीक, खोबरं. हळद-कुंकू, भंडारा वाहून आरती करावी, जोगतीण चौंडक्यावर देवीची गाणी म्हणते, तोवर उभं राहावं. मग घरातल्या बायका मानाच्या क्रमानं परडीत नैवेद्य घालतात. जोगतिणींना आधी जेवू घालावं, शिधा-दक्षिणा द्यावी, त्यानंतरच घरच्यांची पंगत. मुलांना मात्र थांबवू नका. त्यांना सकाळी न्याहारी देऊन ठेवली असेल तर रडारड होत नाही. साडेअकराला चुलीवरचं शेवटचं भांडं उतरलं आणि एकला पडली भरली तर चारला डोंगर उतरता येतो. यापेक्षा उशीर झाला की परतीची गर्दी अंगावर येते.

काय करू नये, आणि ते का

लिंब नेसण्याचा नवस, म्हणजे अंगावर कपड्यांऐवजी कडुलिंबाचे टाळे बांधून देवळाला जाणं, आता बंद आहे. कुणी आजीनं पन्नास वर्षांपूर्वी बोललेला नवस फेडायचा राहिला असेल तर साडीवर लिंबाची डहाळी खोचून देवीला खण-नारळ वाहावा. पुजारीही हेच सांगतात. देवळाच्या आवारात पशुबळी देणं कर्नाटकात 1959 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

यापेक्षा गंभीर गोष्ट जटेची. मुलीच्या डोक्यात जट आली की ते देवीचं बोलावणं मानून तिला सोडण्याची भाषा घरात सुरू होते. केस बरेच दिवस विंचरले-धुतले नाहीत, त्यात तेल-भंडारा साचला, की ते गुंततात. त्याचीच जट होते. ती कापता येते, सोडवताही येते, आणि कापल्यावर काही होत नाही. मुलीला देवीला सोडणं कर्नाटकात देवदासी बंदी कायद्यानं गुन्हा आहे. विधी करणारा, त्यात भाग घेणारा, मदत करणारा, सगळे त्यात येतात. डोंगरावर किंवा गावात असं काही होताना दिसलं तर 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन किंवा 112 वर कळवावं. जोगतीण म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला मात्र मानानंच वागवायचं. कायदा प्रथेविरुद्ध आहे, तिच्याविरुद्ध नाही.

उतरताना

उष्टं, पत्रावळ्या आणि राख एका खड्ड्यात किंवा गोणीत भरून कचऱ्याच्या जागी टाकावी. भाजीपाला डोंगरावरच्या गुरांना घालताना प्लास्टिकच्या पिशव्या काढून घ्याव्यात. चूल पाणी ओतून विझवावी, नुसती माती टाकून नव्हे. मागून येणारं घर तिथंच अनवाणी उभं राहतं.

हिरव्या बांगड्या, भंडारा, चुरमुरे-बत्तासे ही खरेदी खाली सौंदत्तीत करावी, वर गाडी थांबवून ठेवू नये. वेळ उरला तर नविलुतीर्थाचं धरण जवळच आहे, मुलं खूश होतात. शिरसंगीची काळम्मा याच तालुक्यात, तर सोगलचं सोमेश्वराचं देऊळ आणि धबधबा बैलहोंगलच्या वाटेवरून थोडं आत. धबधब्याला पावसाळ्यानंतर पाणी असतं, माघात फारसं नाही. दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी धरली तर बेळगावला पोचायला रात्र होते, त्यापेक्षा एकच निवडावं.

बऱ्याच घरांत डोंगराहून आल्यावर गावाच्या वेशीपाशी थांबून, मागं राहिलेल्यांसोबत पुन्हा पडली भरतात आणि मगच घरात शिरतात. कोल्हापुरात याचंच मोठं रूप म्हणजे ओढ्यावरच्या यल्लम्माची आंबील यात्रा. घरच्या पडलीला सगळा स्वयंपाक पुन्हा करायची गरज नाही. आंबील, घुगऱ्या, भाकरी आणि वांग्याची भाजी एवढं पुरतं. मात्र आंबिलीचं पीठ डोंगरावर निघण्यापूर्वीच घरी राहणाऱ्या कुणाला तरी भिजवायला सांगून जावं, नाहीतर रात्री दहाला पोचलेल्या माणसांना सकाळपर्यंत वेशीवर बसावं लागेल.